आळीतून पुळणीवर जाणाऱ्या वाटा बंद होत आहेत. काय करता येईल?

पाखाडी

दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरील आमच्या गावाची मुख्य आळी समुद्राला समांतर आहे. रस्त्याच्या एका अंगाला डोंगराच्या पायथ्याची घरे, दुसऱ्या अंगाला घरे आणि त्यांच्या पाठीमागे थेट पुळणीपर्यंत, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूपर्यंत, गेलेली माडा-पोफळींची आगरे, ही रचना मुरुड, केळशी, आंजर्ले किंवा गुहागर पाहिलेल्या कोणालाही लगेच डोळ्यांसमोर आणता येईल. दर चार-पाच घरांआड दोन आगरांच्या मधून, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने, डोक्यावर पाटी घेतलेला एक माणूस जाऊ शकेल एवढ्या रुंदीची वाट समुद्राकडे जाते. चढउताराच्या जागी जांभ्याचे चिरे बसवलेले असतात, आणि आगराला पाणी देणारा पाट जिथे आडवा येतो तिथे पोफळीचे दोन ओंडके टाकलेले असतात. ते कुजले की ज्याचे आगर तोच नवे टाकतो. त्यासाठी कोणी वर्गणी काढत नाही आणि कोणी त्याचे आभारही मानत नाही.

गेल्या काही वर्षांत आमच्या आळीतील अशा निम्म्याहून अधिक वाटा बंद झाल्या आहेत. एकीवर सरकते लोखंडी फाटक आले असून त्यावर कॅमेरा आहे. दुसरीवर हिरवी जाळी ताणलेली आहे. तिसरी मात्र कोणीच बंद केलेली नाही. तिच्या दोन्ही बाजूंची घरे वर्षातून गणपतीचे दिवस सोडले तर कुलूपबंद असल्यामुळे पावसाळ्यानंतर बेणणी (तण काढणे) होत नाही आणि घाणेरी व रानमोडी इतकी माजली आहे की दिवसाढवळ्याही तिथे पाय घालण्याचे धाडस होत नाही.

डांबरी रस्त्याने वळसा घालून जावे, त्यात एवढे काय, असे काहींना वाटेल. परंतु शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते ती या वाटांनी, गणपती डोक्यावरून विसर्जनाला जातात ते या वाटांनी, आणि स्मशान पुळणीच्या टोकाला असल्यामुळे माणसाची शेवटची यात्राही याच वाटेने होते. मागच्या पावसाळ्यात एका वृद्ध बाईंची तिरडी फाटकापाशी अडली. फाटकाची किल्ली ज्याच्याकडे असते तो राखणदार बाजारात गेलेला होता. सगळी मंडळी भर पावसात तिथे उभी राहिली आणि अखेर वळसा घालून गेली. कोणीही भांडले नाही, आणि मला त्याचेच अधिक वाईट वाटले.

या विषयावर 'बाहेरच्यांनी गाव विकत घेतले' असा सूर हमखास लागतो. मला तो पुरता पटत नाही. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली आणि सिंधुदुर्गाचीही घटली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, यावरून घरातले कमावते पुरुष कुठे होते ते वेगळे सांगायला नको. म्हणजे जमिनी विकल्या जाण्यापूर्वीच माणसे गेलेली होती, आणि वाट राखणारे कोणी उरले नव्हते. तेव्हा येथे दोषारोप न करता, इतर गावांनी अशा वाटांचे काय केले आणि कागदावर त्या कशा आणता येतात, एवढ्यावरच चर्चा व्हावी अशी विनंती आहे.

वस्तीची गाडी

पाखाडी यांचे गाव आणि माझे गाव यांत एका खाडीचे अंतर असावे, इतके वर्णन जुळते. मी डोंबिवलीला राहतो. आमचे आगर आम्ही विकले, आणि ते का विकले हे येथे स्पष्टपणे सांगणे मला योग्य वाटते, कारण विकणाऱ्याची बाजू अशा चर्चांत सहसा येत नाही.

आजोबांच्या पश्चात वारसनोंदी होत होत सातबाऱ्यावर वीसेक नावे लागली होती. त्यांतील निम्मे लोक एकमेकांना ओळखतही नव्हते. नारळ काढायला गडी मिळत नव्हता; मिळाला तर त्याची मजुरी आणि वाहतूक धरून हातात काही उरत नव्हते; जे उरत होते ते वानर-माकडे खाली पाडत होती. तरीही काका होते तोवर शिंपणे चालू होते. मग ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. पोफळी कमरेतून मोडल्या, माड मुळांसकट आडवे झाले, घराची कौले शेजारच्या आगरात सापडली आणि वीज यायला कित्येक आठवडे लागले. शासनाने पुढे झाडनिहाय मदत दिली, ती सुपारीच्या झाडाला ५० रुपये आणि नारळाच्या झाडाला २५० रुपये अशी होती. पोफळ नव्याने लावली तर उत्पन्न सुरू व्हायला सहा-सात वर्षे लागतात. आडवे पडलेले झाड उचलून बाहेर नेण्याचा खर्चच मदतीहून अधिक होता, आणि सत्तरी ओलांडलेल्या काकांना पुन्हा रोपे लावा असे सांगण्याची आमच्यापैकी कोणाची प्राज्ञा नव्हती.

त्याच सुमारास रेवस-रेडी सागरी महामार्ग आणि खाड्यांवरील पूल यांची बोलणी पुन्हा जोरात सुरू झाली व जमिनीला भाव आला. वीस हिस्सेदारांचे एकमत आयुष्यात एकदाच झाले, ते विकण्यावर.

वाटेविषयी मात्र एक गोष्ट सांगतो. खरेदीखत करताना काकांनी हट्ट धरला की, जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह जमीन देतो हे जसे लिहिता तसेच 'पूर्वेकडील गडग्यालगतच्या ग्रामस्थांच्या जाण्यायेण्याच्या वहिवाटीस अधीन राहून' हेही लिहा. वकिलांनी कुरकुर केली, पण लिहिले. पहिल्या खरेदीदाराने वाट मोकळी ठेवली. दोन वर्षांनी त्याने ती जमीन पुढे विकली, आणि दुसऱ्या खरेदीखतात ते वाक्य नव्हते. आज तिथे भिंत आहे.

खलाशी

मी हर्णैच्या बाजूचा. आमच्याकडे संध्याकाळचा मासळीचा लिलाव पाहायला आता पर्यटक येतात, त्यामुळे बंदराविषयी सर्वांना माहिती असते. परंतु लहान होडीवर पोट असलेला माणूस बंदरात नसतो, तो गावोगावच्या पुळणीवर असतो, आणि त्याच्यासाठी ही वाट हा धंद्याचा भाग आहे.

लहान होडी पुळणीवर ओढून ठेवता येते, पण तिचे यंत्र रात्री तिथे ठेवता येत नाही. ते काढून खांद्यावर घेऊन घरी आणावे लागते आणि पहाटे परत न्यावे लागते. सोबत इंधनाचा कॅन, जाळे, पाण्याची कळशी. घर आळीत आणि होडी खाली. मधली वाट बंद झाली की हाच माणूस तेवढेच ओझे घेऊन गावच्या टोकापर्यंत चालत जातो, किंवा रिक्षा करतो, आणि रिक्षाचे भाडे त्या दिवशीच्या मासळीतून वजा होते. बायकांचे तर विचारूच नका. पाटीतून पाणी गळत असते आणि डांबरी रस्त्यावर पाणी सांडले म्हणून बोलणारेही आता निघाले आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा जाळी दुरुस्तीसाठी घरी आणायची असतात, तीही चौघांच्या खांद्यावरून याच वाटेने.

वर वादळाचा उल्लेख आला आहे म्हणून लिहितो. निसर्गच्या वेळी किनाऱ्यालगतच्या घरांतील माणसांना वर शाळेत हलवण्यात आले. म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना आम्ही आगरांतल्या वाटांनीच वर नेले, कारण रस्ता लांब होता आणि वारा वाढत होता. ज्या वाटांनी नेले त्यांपैकी दोन आता उघड्या नाहीत. पुढचे वादळ आले तर फाटकावरचा कॅमेरा कोणाला उचलून नेणार आहे?

माजघर

मी गुहागरकडे निवास-न्याहारी चालवते. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ साली सुरू झाली आणि मग दापोलीला आलेला पर्यटक गाडीसह खाडी ओलांडून आमच्याकडे येऊ लागला, तिथपासून आमच्या आळीचे दिवस बदलले. त्या आधी मे महिन्यात फक्त माहेरवाशिणी आणि मुंबईची मुले येत असत. मी पर्यटनाच्या विरोधात बोलणार नाही, कारण त्याच पैशांवर माझ्या घराची कौले परतली गेली आणि मुलगी इंजिनिअर झाली.

परंतु खलाशी यांचे म्हणणे खरे असले तरी वाटेवर जी गर्दी झाली ती आमच्यासारख्यांमुळेही झाली, हे नमूद करायला हवे. दिवसातून दहा ओळखीची माणसे ज्या वाटेने जात, तिथून आता सुट्टीच्या दिवशी शंभर अनोळखी माणसे जातात. त्यांना ही वाट कोणाच्या तरी अंगणाच्या अंतरावरून जाते याचे भान नसते. ओटीवर केस विंचरत बसलेल्या आजीचा फोटो काढतात, पडलेला नारळ उचलतात, रात्री अकरा वाजता गाणी लावून परत येतात. आमच्या शेजारच्या काकूंनी वाटेवर बेडे (आडव्या बांबूंचा अडसर) घातले ते गावासाठी नव्हते, माझ्या पाहुण्यांसाठी होते. त्या मला म्हणाल्या, "तू बिल घेतेस, आवाज मी ऐकत्ये." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हापासून पाहुण्यांना मी दिवे लागल्यानंतर रस्त्याने जायला सांगते, आणि मोसमात त्या वाटेची बेणणी व चिरे बसवण्याचा खर्च आम्ही तिघी निवास-न्याहारीवाल्या मिळून करतो. बेडे अजूनही आहे, पण त्याचे बांबू सरकवता येतात आणि गावातील माणसाला ते कोणी विचारत नाही. ज्यांचे उत्पन्न वाटेवर अवलंबून आहे त्यांनीच वाटेची देखभाल करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

जांभा

ही चर्चा वाचत होतो, लिहावे की नाही असा विचार करत होतो. फाटक लावणाऱ्यांपैकी मी एक आहे. वर वर्णन केलेले फाटक माझे नाही, पण असते तरी फारसा फरक पडला नसता.

मी पुण्यात नोकरी केली. वडिलांची सातारा जिल्ह्यात शेती असल्यामुळे शेतकरी म्हणून मला येथे जमीन घेता आली. जमीन घेण्यापूर्वी वकिलांकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घेतला, सातबारा पाहिला, मोजणी करून घेतली. कोठेही वाटेचा उल्लेख नव्हता. विकणाऱ्यांनीही सांगितले नाही. कदाचित त्यांना ते सांगण्यासारखे काही वाटलेच नसेल. पहिल्या वर्षी फाटक नव्हते. गावातील लोक येत-जात, आम्ही चहाला बोलवत असू. मग मोटारसायकली येऊ लागल्या. पुळणीवर गाडी चालवण्याची हौस असलेली मुले चिऱ्यांवरून गाडी खाली उतरवत आणि पाटाचा काठ फोडून टाकत. विहिरीवर कोणीतरी अंग धुऊन साबणाचे पाणी आत जाऊ दिले. सकाळी माडांच्या आळ्यांतून बाटल्यांच्या काचा वेचण्याचे काम पत्नीने करायचे, असे घर आम्ही बांधलेले नव्हते.

आणखी एक. वादळात मोडलेल्या या आगरात मी पुन्हा पोफळी आणि माड लावले आहेत, कृषी विद्यापीठातून रोपे आणून लावले आहेत. आमच्या रांगेत सध्या शिंपणे चालू असलेले आगर आमचेच आहे. दोन्ही बाजूंची, गावच्याच माणसांची, आगरे सुकली आहेत. म्हणून 'बाहेरचा' हा शब्द मला थोडा लागतो.

माझा प्रश्न प्रामाणिक आहे. वाट द्यायची तर नेमकी कोणाला? 'गाव' म्हणून ज्याच्याशी बोलावे असा कोण आहे? सरपंचांना विचारले तर ते म्हणाले की हा तुमचा खाजगी प्रश्न आहे. वाडीतील मंडळींना विचारले तर प्रत्येकजण म्हणाला की माझ्यापुरती किल्ली द्या. मी किती किल्ल्या करू?

पाखाडी

जांभा, आपण लिहिलेत हे फार बरे झाले. मोटारसायकलींच्या बाबतीत आपल्याशी दुमत असणारा माणूस आमच्याही आळीत सापडणार नाही. पूर्वी वाटेवर बैल किंवा गुरे शिरू नयेत म्हणून गडग्यात तीन दगडी टप्पे बसवत; माणूस चढून जाई, जनावर जाऊ शकत नसे. ती सोय मोटारसायकलीलाही लागू पडते, मात्र पाटी घेतलेल्या बाईला आणि तिरडीला ती अडचणीची होते.

'गाव म्हणजे कोण' या प्रश्नाचे उत्तर पूर्वी पालखीच्या वेळी मिळत असे. पालखी कोणाच्या आगरातून जाणार, कोठे थांबणार, हे मानकरी ठरवत आणि त्यात बदल करायचा असेल तर देवळात बैठक होई. आता पालखीचा मार्ग कागदावर लिहिलेला नाही, पण तो सर्वांना पाठ आहे.

फेरफार

महसूल खात्यात नोकरी झाली असल्यामुळे काही गोष्टी नेमक्या सांगतो. मात्र प्रत्यक्ष अर्ज करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.

पहिली पायरी म्हणजे गाव नकाशा. सातबाऱ्यावर वाट नसली म्हणजे ती नाहीच, असे होत नाही. गाव नकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. भूमि अभिलेख कार्यालयातून त्याची नक्कल मिळते. आपली वाट नकाशावर आढळली तर अर्धे काम झाले. जांभा यांच्या वकिलांनी शोध अहवालात खरेदीखते पाहिली असतील, पण गाव नकाशा पाहिला होता का, हे त्यांना विचारावे.

नकाशावर नसेल तर वहिवाटीचा प्रश्न येतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार वीस वर्षे उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि खंड न पडता वापरलेल्या वाटेवर हक्क प्राप्त होतो, पण तो दिवाणी न्यायालयात सिद्ध करावा लागतो आणि त्यात आयुष्य जाऊ शकते. त्याहून जलद मार्ग मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ चा आहे. शेतजमिनीकडे जाणारी किंवा वहिवाटीची वाट कोणी अडवली तर तहसीलदार अडथळा दूर करण्याचा आदेश देऊ शकतात. मात्र येथे मुदत कडक आहे: अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. कोकणात बहुतेक प्रकरणे इथेच बुडतात. फाटक ऑक्टोबरमध्ये लागते, चाकरमानी ते मे महिन्यात पाहतो, आणि 'पुढच्या गणपतीला बसून बोलू' असे ठरते. तोवर मुदत संपलेली असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ चाही उल्लेख लोक करतात, पण ते शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जाण्यासाठी बांधावरून रस्ता देण्याविषयी आहे. समुद्रावर जाण्याच्या सार्वजनिक वाटेसाठी ते ओढूनताणून लावू नये.

किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेबद्दलही गैरसमज आहेत. २०११ च्या अधिसूचनेतील मार्गदर्शक तत्त्वांत, लोकांना किनाऱ्यावर जाता यावे म्हणून दोन हॉटेले किंवा रिसॉर्टांमध्ये किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा सोडावी, अशी अट आहे. ही अट हॉटेलांना आहे, राहत्या घराच्या कुंपणाला नाही. त्यामुळे ज्याने खाजगी घर म्हणून बांधकाम केले त्याच्यापुढे हा कागद नाचवून उपयोग नाही.

स्वामित्व योजनेची आशाही आपल्यासारख्यांनी फार धरू नये. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते, पण ती गावठाणातील मिळकतींची. आपली घरे आणि आगरे बहुधा गावठाणाबाहेर, शेतजमिनीच्या गट क्रमांकांत आहेत.

मला सर्वांत उपयोगी वाटते ती ग्रामपंचायतीची रस्त्यांची नोंदवही, नमुना २३. ग्रामसभेने ठराव करून पायवाट तिथे लांबी-रुंदीसह नोंदवून घेतली की पुढच्या खरेदीदाराला 'आम्हाला सांगितले नाही' असे म्हणता येत नाही. जमीनमालकाची लेखी संमती असेल तर त्या नोंदीला कोणी आव्हान देत नाही; संमती नसताना घाईने केलेली नोंद मात्र टिकत नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. वस्तीची गाडी यांच्या काकांनी जे खरेदीखतात लिहिले तेच जर सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात फेरफाराने चढवले असते, तर दुसऱ्या व्यवहारात ते वगळले जाण्याची शक्यता फार कमी होती. आणि पाखाडी यांनी सांगितलेला पालखीचा मार्ग हा माझ्या दृष्टीने उत्तम पुरावा आहे. पंचनाम्यात 'या वाटेने शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी जाते' असे चार मानकऱ्यांचे जबाब आले, तर वापर उघड, सार्वजनिक आणि दरवर्षीचा आहे हे एका वाक्यात सिद्ध होते. ते जबाब देणारी माणसे हयात आहेत तोवर घ्यावेत.

कर्लीकाठ

मालवण तालुक्यातून लिहिते आहे. देवबागसारख्या गावात एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये अरुंद पट्टी, त्यामुळे तिथे दोन्हीकडे जाणाऱ्या वाटा लागतात. आमच्याकडे वाटा अजून बऱ्याच अंशी मोकळ्या राहिल्या, याचे कारण माझ्या मते कायदा नाही. पर्यटकांना खोल्या देणारी कितीतरी घरे मासेमारी करणाऱ्यांचीच आहेत. ज्याच्या खोलीत पर्यटक उतरतो त्याचीच होडी खाली असते आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढायला त्याचाच भाऊ जातो. वाट बंद करणारा आणि वाट लागणारा ही दोन वेगळी माणसे झाली की प्रश्न सुरू होतो. अर्थात आमच्याकडेही जमिनी विकल्या जात आहेत, तेव्हा हे किती दिवस टिकेल ते सांगवत नाही.

वस्तीची गाडी

फेरफार यांच्या सहा महिन्यांच्या मुद्द्यावरून सुचते ते असे की, प्रत्येक वाडीच्या मुंबई मंडळाने हा विषय आपल्या सभेत घ्यावा. मंडळे देवळाच्या जीर्णोद्धारासाठी आणि शिमग्याच्या गाड्यांसाठी नियमित जमतात. जुनी खरेदीखते, वाटपपत्रे आणि मोजणीचे कागद गावात नसून आमच्याच डोंबिवली-लालबागच्या कपाटांत आहेत. माझ्याकडील वाटपपत्रात चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दी, लिहिताना 'पश्चिमेस समुद्राकडे जाणारी पाऊलवाट' असे शब्द आहेत. अशी वाक्ये प्रत्येक घरातील कागदांत निघतील.

माजघर

ठराव जरूर करावा, पण त्यात देखभाल कोणी करायची हेही लिहावे. नोंद झालेली आणि रानमोडीने भरलेली वाट आमच्या आळीतही आहे.

जांभा

गाव नकाशाची नक्कल मागवली. माझ्या जमिनीच्या दक्षिण कडेने एकेरी तुटक रेषा आहे. म्हणजे सध्या लोक जिथून जात होते तिथून नव्हे, त्याच्या दुसऱ्या टोकाने. बहुधा मधल्या काळात कोणीतरी सोयीने वाट सरकवली असावी. दक्षिण कडेने वाट देण्यास माझी हरकत नाही, उलट ती घरापासून दूर पडते. गडग्याच्या आत कुंपण मी स्वखर्चाने घालीन. समुद्राकडच्या तोंडाशी मोटारसायकल जाणार नाही असे वळणाचे लोखंडी बेडे बसवण्याचा विचार आहे, त्याला कुलूप नसेल. लेखी संमतीपत्र देईन. मात्र त्यात 'पायी जाण्यायेण्यासाठी' हे शब्द असावेत आणि निवास-न्याहारीचे पाहुणे सूर्यास्तानंतर येणार नाहीत, ही माजघर यांची अट आमच्या गावातील व्यावसायिकांनीही मान्य करावी.

पाखाडी

जांभा यांचे गाव आमचे नसले तरी हाच नमुना धरून आम्ही आमच्याकडे चालणार आहोत. १ मेच्या ग्रामसभेपर्यंत गाव नकाशा, जुन्या कागदांतील चतुःसीमा आणि मानकऱ्यांचे जबाब गोळा करायचे, असे काल देवळात ठरले. चाकरमानी त्या सुमारास आंब्यासाठी गावात असतात, त्यामुळे उपस्थितीही होईल. फाटकवाल्या गृहस्थांना भेटायला दोघेजण जाणार आहेत. त्यांच्या राखणदाराने सांगितले की तेही शिमग्याला येत आहेत. पालखी यंदा जुन्या मार्गाने न्यायची की रस्त्याने, हे ठरण्याआधी त्यांच्याशी बोलणे व्हावे असा प्रयत्न आहे. कोणाच्या गावाने पायवाटा नमुना २३ मध्ये चढवून घेतल्या असल्यास ठरावाचा मसुदा येथे द्यावा.

खलाशी

वळणाच्या बेड्याविषयी एक सूचना. अडीच फुटांचे बेडे मोकळ्या माणसाला पुरते. खांद्यावर यंत्र असलेला माणूस त्यात वळू शकत नाही, पंखा लोखंडाला लागतो. एक बाजू काढून ठेवता येईल अशी करा, म्हणजे तिरडी आणि पालखीही जाईल, आणि ती काढून ठेवण्याची खीळ आतल्या बाजूला न ठेवता वाटेच्या बाजूला ठेवा.